पेट्रोल, बेंझिन, रॉकेल : मालाबरोबर फिरणारे शब्द

ज्यांनी पेट्रोल पंपाचा हिशेब कधी डोळ्यांखालून घातला असेल त्यांना दोन छोटी नावे ओळखीची असतील. डिझेलच्या रकान्यावर ‘एच. एस. डी.’ आणि पेट्रोलच्या रकान्यावर ‘एम. एस.’ पहिल्याचा अर्थ हाय स्पीड डिझेल, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण दुसऱ्याचा अर्थ विचारला तर पंपावर दहा वर्षे नोकरी केलेला माणूसही बहुधा गप्प बसतो. ‘एम. एस.’ म्हणजे मोटर स्पिरिट. घाटंजीत काय किंवा मुंबईत काय, गाडी उभी करून ‘दोनशेचे मोटर स्पिरिट टाका’ असे म्हणणारा गिऱ्हाईक आम्हाला आजवर भेटलेला नाही. तरी सरकारच्या कागदावर माल याच नावाने चालतो.

आणि कागद तरी कोणता? २०१६ साली वस्तू व सेवा करासाठी राज्यघटनेत १०१ वी दुरुस्ती झाली. तिच्यात राज्यसूचीतील ५४ वी नोंद नव्याने लिहिली गेली. ज्या मालावर राज्यांचा विक्रीकर कायम राहिला त्यात कच्चे खनिज तेल, हाय स्पीड डिझेल, नैसर्गिक वायू, विमानाचे इंधन आणि मोटर स्पिरिट अशी नावे आहेत. मोटर स्पिरिटच्या पुढे मात्र एक खुलासा जोडला आहे, की ज्याला सर्वसाधारणपणे पेट्रोल म्हणतात ते. २०१७ च्या केंद्रीय कर कायद्याच्या कलम ९ मध्येही हाच खुलासा आहे. डिझेलला असा खुलासा लागला नाही, नैसर्गिक वायूलाही लागला नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत एका मालाचे नाव लिहून त्याचा अर्थही सांगावा लागला, याची कारणे दिल्लीत सापडत नाहीत. ती लंडनच्या एका तेल व्यापाऱ्याच्या दुकानात सापडतात.

आमचा धंदा कापडाचा, तेलाचा नव्हे. परंतु मालाला नाव कोण देतो, ते नाव कुणाच्या मालकीचे राहते आणि कुणाच्या हातून निसटते, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराचा आहे, म्हणून प्रस्तुत लेखाचा हा उद्योग.

लंडनच्या हॅकनी विक भागात कारलेस, केपेल अँड लिओनार्ड नावाची तेल शुद्ध करणारी पेढी होती. कोळशाचे व खनिज तेल गाळून त्यातून निरनिराळे पातळ पदार्थ काढणे आणि विकणे हा तिचा व्यवसाय. त्यातला एक अगदी हलका, भुर्रकन उडून जाणारा पदार्थ डाग काढायला व रंग-रोगण पातळ करायला जात असे. १८९० नंतर जर्मनीतील डाइमलर यांचे इंजिन इंग्लंडात आणणारे फ्रेडरिक सिम्स यांना आपल्या इंजिनासाठी नेमका असाच हलका माल हवा होता. त्यांनी पेढीच्या लिओनार्ड यांना सुचवले, की याला ‘पेट्रोल’ म्हणा. शब्द अगदीच नवा होता असे नाही. ग्रीक ‘पेत्रा’ म्हणजे खडक आणि लॅटिन ‘ओलियम’ म्हणजे तेल, यांचा ‘पेट्रोलियम’ हा जोड जर्मन विद्वान अग्रिकोला यांच्या १५४६ च्या ग्रंथात आहे, आणि फ्रेंचांकडे ‘पेत्रोल’ होताच. नवे होते ते एवढेच, की एका पेढीने तो आपल्या डब्यावर आपल्या मालाचे खास नाव म्हणून छापला.

पेढीने हे नाव नोंदवून घेण्याचा प्रयत्न केला. नोंदणी नाकारली गेली. कारण सांगितले गेले ते असे, की हा शब्द आता सर्वांच्या तोंडी बसला आहे, तो एकाच्या मालकीचा राहिलेला नाही. ज्याचा माल जास्त खपला त्याचेच नाव गेले! दरम्यान बाजारातील प्रतिस्पर्ध्यांनी काय केले असेल? दुसऱ्या पेढीचे नाव आपल्या डब्यावर कसे छापायचे? म्हणून त्यांनी ‘मोटर स्पिरिट’ हा शब्द चालवला. सरकारनेही कर बसवताना हाच शब्द घेतला, कारण कायद्याला एका पेढीचे नाव चालत नाही. आपल्या देशातही १९१७ साली या इंधनावर अबकारी कर बसला तो ‘मोटर स्पिरिट’च्या नावाने. नंतर प्रतिस्पर्धीही बिनदिक्कत ‘पेट्रोल’ म्हणू लागले, पण कायद्यात बसलेला शब्द उठला नाही. इंग्रज गेले, बर्मा-शेल जाऊन १९७६ साली ती कंपनी सरकारची झाली, विक्रीकर जाऊन व्हॅट आला, आणि मोटर स्पिरिट जागच्या जागी आहे. लोकांच्या जिभेवर एका पेढीचे नाव आणि सरकारच्या वहीत तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे नाव, असा हा दुहेरी वारसा आपल्याला मिळाला.

आता अमेरिकेकडे पाहू. तेथे पेट्रोल म्हटले तर पंपावरचा माणूस तोंडाकडे पाहील. तेथे ‘गॅसोलिन’, आणि रोजच्या बोलण्यात नुसते ‘गॅस’. आपल्याकडे गॅस म्हणजे सिलिंडर. अमेरिकेतून आलेला एखादा पाहुणा ‘गाडीत गॅस भरायचा आहे’ म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटते गाडी सीएनजीची असावी. या शब्दामागेही एक दुकानदार सांगितला जातो. जॉन कॅसल हे लंडनचे पुस्तकांचे मोठे प्रकाशक, शिवाय चहा-कॉफीचे व्यापारी. त्यांनी १८६२ साली दिव्याच्या तेलाची जाहिरात दिली आणि आपल्या आडनावावरून त्याला ‘कॅझलिन’ म्हटले. डब्लिन शहरात सॅम्युअल बॉइड नावाचा एक दुकानदार याच नावाने भलताच माल विकत असल्याचे त्यांच्या कानी आले. कॅसल यांनी पत्र लिहून मनाई केली. बॉइडने उत्तर दिले नाही. इंग्रजी ‘सी’ अक्षराला एक रेघ मारली की ‘जी’ होतो, तेवढे केले आणि ‘गॅझलिन’ विकू लागला. कोशकार मात्र या शब्दाची फोड ‘गॅस’ आणि ‘तेल’ अशीच करतात आणि दुकानदाराची गोष्ट बाजूला ठेवतात. आम्हाला मात्र ती पटण्यासारखी वाटते, कारण कापडबाजारात एका अक्षराच्या फरकाने चालणारे छापे आम्ही पस्तीस वर्षे पाहत आलो आहोत. थानाच्या काठावरचे नाव दुरून वाचले तर मोठ्या गिरणीचे, जवळून वाचले तर तिसऱ्याच कुणाचे!

पेट्रोल आणि गॅसोलिन हे दोन्ही शब्द असे लंडन-डब्लिनच्या बाजारातून निघाले. तिसरा शब्द मात्र फार लांबून आला आहे, आणि त्याची कहाणी आमच्या मते सर्वांत रंजक आहे.

जर्मनी, रशिया, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, इराण, इजिप्त, सौदी अरब या सर्व देशांत गाडीच्या इंधनाला ‘बेंझिन’ किंवा त्याच्याच जवळचा शब्द आहे. इटलीत ‘बेंझिना’, ग्रीसमध्ये ‘वेंझिनी’, अरबीत ‘बन्झीन’. आमच्या भागातून जी मुले ड्रायव्हर म्हणून आखातात गेली, त्यांनी तिथे पहिल्या आठवड्यात शिकलेल्या शब्दांत हा असतो. पुष्कळांची समजूत अशी, की मर्सिडीज-बेंझवाल्या कार्ल बेंझ यांच्या नावावरून बेंझिन आले. हा निव्वळ योगायोग आहे. बेंझ यांनी आपल्या मोटारीचे पेटंट १८८६ साली घेतले. बेंझिन हा शब्द त्याच्या आधी पन्नास वर्षे वापरात होता.

तर मग तो आला कुठून? लोबानातून!

होय, ज्या लोबानाचा धूर आपण शुक्रवारी घरात आणि दुकानात फिरवतो, दर्ग्यात ज्याचा दरवळ असतो, आणि आमचे हिंदू शेजारीही संध्याकाळी ऊद-धूप म्हणून जे जाळतात, त्याच लोबानातून. अरबीत ‘लुबान’ हा लफ्ज पांढरेपणावरून आला. ‘लबन’ म्हणजे दूध, तीच धातू. अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा आणि आफ्रिकेतला लुबान प्रसिद्ध होता. पण अरब व्यापारी पूर्वेकडे गेले तेव्हा सुमात्रा बेटावर त्यांना दुसऱ्या एका झाडाचा सुगंधी डिंक मिळाला. त्या सगळ्या मुलखाला ते ‘जावा’ म्हणत, म्हणून या डिंकाचे नाव पडले ‘लुबान जावी’. चौदाव्या शतकात इब्न बतूता सुमात्राला गेले, त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात याचा उल्लेख केला आहे. आपल्याकडच्या अत्तारांच्या दुकानात लोबान म्हणून जो मिळतो तो बहुतांशी याच जातीचा डिंक आहे.

हा माल अरबांच्या हातून भूमध्य समुद्राच्या बंदरांत पोहोचला. तिथल्या स्पेन-कातालोनियाच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘लो’ हे नामापूर्वी लागणारे अक्षर आहे, जसे अरबीत ‘अल’. त्यांनी ‘लुबान जावी’ ऐकले आणि त्यांना वाटले, पुढचे ‘लु’ हे आपले ‘लो’च आहे. ते त्यांनी काढून टाकले. राहिले ‘बान जावी’. त्याचे ‘बेंजुई’ झाले, फ्रेंचांनी ‘बेंजवाँ’ केले, इंग्रजांनी ‘बेंझॉइन’. इंग्रजांचे एवढ्यावर भागले नाही. सामान्य लोकांनी त्याचे चक्क ‘बेंजामिन’ करून टाकले, जसे एखाद्या माणसाचे नाव असावे. उर्दू शाळेत आम्हाला उस्ताद सांगत, की अरबी लफ्जाची धातू हाती लागली की अर्थ आपोआप उघडतो. ‘बेंजामिन’मध्ये धातू शोधत बसणाऱ्याचे मात्र उभे आयुष्य जाईल.

पुढचे काम रसायनशास्त्रज्ञांनी केले. या डिंकातून जे आम्ल निघते त्याला त्यांनी बेंझोइक आम्ल म्हटले. १८३३ च्या सुमारास बर्लिनच्या मित्शर्लिख यांनी हे आम्ल चुन्याबरोबर तापवून एक पातळ, लवकर उडणारा पदार्थ मिळवला आणि त्याला ‘बेंझिन’ नाव दिले. (इंग्लंडात फॅराडे यांना तोच पदार्थ १८२५ साली दिव्याच्या गॅसमधून मिळाला होता, पण त्यांचे नाव टिकले नाही.) लिबिख या दुसऱ्या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने ते नाव बदलून ‘बेंझोल’ केले. त्यामुळे ‘बेंझिन’ हे नाव एका अर्थाने रिकामे झाले, आणि जर्मनीत खनिज तेलातून निघणाऱ्या हलक्या द्रवाला लोकांनी ते लावले. तिथेही त्याचा पहिला उपयोग आमच्याच धंद्याचा, म्हणजे कपड्यांवरचे तेलकट डाग काढण्याचा. हा माल औषधांच्या दुकानात बाटलीतून मिळत असे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था नवऱ्याला न सांगता मुलांसह मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. वाटेत इंधन संपत आले. पंप तर जगात कुठेच नव्हता. वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून त्यांनी ‘लिग्रोइन’ विकत घेतले, तेही डाग काढायचे याच जातीचे द्रव. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवले जाते. आपल्याकडे ड्रायक्लीनरच्या दुकानावर ‘पेट्रोल वॉश’ अशी पाटी दिसते, तिचा रस्ता इकडूनच येतो.

येथे एक सावधगिरी. रसायनाच्या दुकानातले आजचे ‘बेंझीन’ आणि युरोपातील पंपावरचे ‘बेंझिन’ एक नव्हेत. पहिले शुद्ध विष आहे, त्याने रक्ताचा कर्करोग होतो. नाव सारखे म्हणून कुणी त्याने कपडे धुवायला जाऊ नये.

जर्मनांकडून हा शब्द रशियाला, बाल्कनला, तुर्कस्तानला गेला आणि शेवटी अरबस्तानात पोहोचला. म्हणजे अरबांनी ‘लुबान’ दिला, तो सुमात्रा, स्पेन, पॅरिस, बर्लिन असा फिरून सातशे वर्षांनी ‘बन्झीन’ होऊन अरबांच्याच पंपावर उभा राहिला. घरातून गेलेला मुलगा एवढा बदलून परत यावा की आईनेही ओळखू नये, अशातला प्रकार. अरबीत ‘प’ हे अक्षर नाही, त्यामुळे ‘पेट्रोल’चे ‘बित्रोल’ होते, आणि ते जमिनीतून निघणाऱ्या तेलासाठी वापरतात. गाडीत घालायचे ते बन्झीन. उर्दूला ‘पे’ आणि ‘टे’ ही दोन्ही अक्षरे असल्यामुळे आपल्याला ‘पेट्रोल’ जसेच्या तसे लिहिता आले.

ज्या सुमात्रावर हा डिंक निघतो तिथे काय झाले? तिथेही इंधनाला ‘बेन्सिन’ म्हणतात. पण हा शब्द झाडावरून आला नाही, डचांकडून आला. सुमात्रा आणि मलाया यांच्या मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी आहे. १८२४ च्या तहाने इंग्रज आणि डच यांनी ती मधोमध वाटून घेतली. दोन्ही काठांवरची भाषा मूळ एकच, मलय. आज इंडोनेशियाच्या काठावर ‘बेन्सिन’ आणि मलेशियाच्या काठावर ‘पेट्रोल’. लोक तेच, पोशाख पुष्कळसा तोच. फरक फक्त माल कुणाच्या जहाजातून उतरला एवढाच. शब्द मालाबरोबर कसा जातो याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे दिसले नाही.

याच नियमाने फ्रेंच राजवटीखालच्या अल्जीरिया-मोरोक्कोत अरब लोकही ‘बन्झीन’ न म्हणता फ्रेंच ‘एसाँस’चे रूप बोलतात. दक्षिण अमेरिकेत चिलीमध्ये ‘बेन्सिना’, तर शेजारच्या अर्जेंटिनात ‘नाफ्ता’. भाषा दोन्हीकडे स्पॅनिश, आणि स्पेनमध्ये स्वतः ‘गासोलिना’! अफगाणिस्तानातील दरी भाषेत पेट्रोलला नुसते ‘तेल’ म्हणतात आणि रॉकेलला ‘तेल-ए-खाक’. ‘तेल’ हा लफ्ज फारसीचा नव्हे, आपल्या बाजूचा आहे. तो खैबर खिंडीतून वर गेला, आणि फारसी बोलणाऱ्या इराणात मात्र ‘बेंझिन’ राहिले.

बाहेरदेशी माल मागवणाऱ्यांनी आणि नोकरीला जाणाऱ्यांनी यातला एक भाग गंभीरपणे घ्यावा. शब्द सारखा असला म्हणून माल सारखा नसतो. फ्रान्समध्ये ‘पेत्रोल’ मागितले तर गाडीत घालायचा माल मिळणार नाही. जर्मनीत ‘पेट्रोलियम’ म्हणजे दिव्याचे तेल. इराणात ‘नफ्त’ म्हणजे खनिज तेल आणि घरातले रॉकेलही, अर्जेंटिनात तेच पेट्रोल, आणि आपल्याकडे ‘नाफ्था’ म्हणजे रासायनिक कारखान्यांचा कच्चा माल. इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेत ‘पॅराफिन’ हे चुलीचे तेल. आपल्या बाजारात पॅराफिन म्हणजे मेणबत्तीचे मेण, आणि औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन म्हणजे पोट साफ होण्याचे औषध. तुर्कस्तानात आणि कित्येक अरब देशांत डिझेलला ‘माझोत’ म्हणतात. पेट्रोलच्या गाडीत डिझेल किंवा डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडले तर इंजिनाचे काय होते हे ड्रायव्हर मंडळींना सांगायला नको. परदेशी बिलावर मालाच्या नावाखाली त्याचा क्रमांक असतो. अशा व्यवहारात नावापेक्षा त्या क्रमांकावर भरवसा ठेवणे शहाणपणाचे.

आता आपल्या घरी येऊ. एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. पेट्रोलला हिंदुस्थानच्या सर्व भाषांत पेट्रोलच म्हणतात. काश्मीर ते कन्याकुमारी एकच शब्द. पण रॉकेलचे तसे नाही. तामिळ आणि मल्याळममध्ये ‘मातीचे तेल’ याच अर्थाचा त्यांचा स्वतःचा शब्द आहे. उर्दू-हिंदीत ‘मिट्टी का तेल’. आमच्या वऱ्हाड-यवतमाळकडे ‘मातीतेल’ म्हणणारे पुष्कळ. पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेले की तेलुगूत ‘किरसनायिल’, म्हणजे ‘केरोसीन ऑइल’ एका घोटात गिळलेले. कन्नडमध्ये ‘सीमे एण्णे’, अर्थात विलायती तेल. आणि मराठीत एक सोडून दोन नावे : रॉकेल आणि घासलेट.

‘रॉकेल’ म्हणजे इंग्रजी ‘रॉक ऑइल’, खडकाचे तेल. १८५९ साली अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनियात ड्रेक यांनी पहिली प्रसिद्ध तेलविहीर खणली, तेव्हा तिथे या मालाला रॉक ऑइलच म्हणत. पुढे अमेरिकेने तो शब्द जवळजवळ टाकून दिला. आपण तो उचलला, त्याचे कोपरे घासले आणि इतका आपला केला की तो परका आहे अशी शंकाही येत नाही. ‘घासलेट’ हा तर याहून गमतीचा. त्यात घासही नाही आणि लेटही नाही, तो आहे ‘गॅस लाइट’. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. उजेडाच्या त्या नव्या मालाचे नाव लोकांनी दुसऱ्या उजेडाच्या मालाला लावले. गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडी ते ‘ग्यासलेट’, ‘घासतेल’ झाले, कोकणात व मुंबईत घासलेट. हिंदीत हा शब्द गेला तो वेगळ्याच कामासाठी. १९२० नंतरच्या दशकात संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनी हीन दर्जाच्या लेखनाला ‘घासलेटी साहित्य’ म्हणून त्याविरुद्ध मोहीम काढली.

आणि ‘केरोसीन’? तेही एका व्यापाऱ्याचेच नाव. कॅनडाचे अब्राहम गेस्नर यांनी १८५४ साली अमेरिकेत पेटंटे घेतली, ग्रीक भाषेत मेणाला जो शब्द आहे त्यावरून आपल्या तेलाला केरोसीन म्हटले, आणि काही वर्षे तो नोंदलेला छाप होता. नंतर तोही सर्वांचा झाला.

एकाच खडकातून निघालेल्या दोन तेलांपैकी एकाला डझनभर देशी नावे आणि दुसऱ्याला एकही नाही, असे का? आमचा अंदाज असा आहे. रॉकेल स्वयंपाकघरात आले. १८८० नंतर अमेरिकेचे आणि मग रशियाचे तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून खेडोपाडी पोहोचले. बाटली घेऊन चार पैशांचे तेल आणणाऱ्या बाईला, पोराला, शेतमजुराला ते रोज मागावे लागे. रोज मागायचे तर तोंडाला सोपे पाहिजे. म्हणून प्रत्येक गावाने आपापल्या जिभेप्रमाणे शब्द घडवला. डब्याचे महत्त्वही तसेच. ‘शेल’ कंपनीचे मार्कस सॅम्युअल यांनी १८९२ साली ‘म्यूरेक्स’ हे टाकीचे जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेला पाठवले. सुटे तेल स्वस्त पडेल, लोक आपापली भांडी घेऊन येतील असा त्यांचा हिशेब. लोक आले नाहीत, कारण त्यांना तेलाइतकाच डबाही हवा होता! त्या पत्र्याचे छप्पर होत असे, बादली होत असे, धान्याचे माप होत असे. सॅम्युअल यांनी मग तिथल्या तिथे लाल रंगाचे डबे तयार करवून घेतले. आपल्या बाजूलाही रॉकेलचा रिकामा डबा कुठल्या घरात नव्हता?

पेट्रोल मात्र स्वयंपाकघरात कधी आले नाही. ते साहेबाच्या, संस्थानिकाच्या, सावकाराच्या मोटारीत आले. मागणारे थोडे आणि तेही इंग्रजी जाणणारे. पुढे स्कूटर-मोटारसायकली आल्या आणि सामान्य माणूस पंपावर पोहोचला तोपर्यंत पाटीवर नाव रंगवून झाले होते. डिझेलचेही तेच. तो तर माणूसच होता. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले आणि १९१३ साली ते स्वतः एका बोटीवरून बेपत्ता झाले, पण त्यांचे नाव आमच्याकडे ‘डिजल’ होऊन शेतातल्या पंपापर्यंत गेले. ‘शिलातेल’ वगैरे शब्द कोशात करून पाहिले गेले. ते कोशातच राहिले, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही.

कापडवाल्यांना हे नवे नाही. मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत ‘डंगरी’ कापड गेले, कालिकतवरून ‘कॅलिको’, आपल्या ‘खाक’वरून जगभरच्या फौजांची ‘खाकी’. ही गावांची आणि रंगांची नावे, ती गेली तर कुणाच्या खिशाला झळ नाही. परंतु ‘पेट्रोल’, ‘केरोसीन’, आपल्याकडचे ‘डालडा’, ही पेढ्यांची कमाई होती. गिऱ्हाईक दुकानात येऊन कुठलेही वनस्पती तूप ‘डालडा’ म्हणून मागतो, तेव्हा मालकाला आधी आनंद होतो आणि मग वकील आठवतो. उलट उदाहरण ‘सॅनफोराइज्ड’चे. कापड न आटण्याच्या प्रक्रियेचे हे नाव अमेरिकन कंपनीने १९३० नंतर नोंदवले, आणि ठरलेली कसोटी उतरल्याशिवाय व परवाना घेतल्याशिवाय कोणत्याही गिरणीला ते काठावर छापू दिले नाही. आपल्या गिरण्यांनीही परवाने घेऊनच छापले. म्हणून ‘सॅनफोराइज्ड’ चे ‘पेट्रोल’ झाले नाही.

आपल्या तालुक्यात आता बरेच तरुण ओढण्या, गाऊन, लहान मुलांचे कपडे स्वतःच्या नावाने पाकिटे करून विकतात. नाव चालू लागले की शेजारच्या गावात त्याच नावाची पाकिटे दिसतात. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जो शब्द धंद्यात सर्रास रूढ झाला आहे तो नोंदवता येत नाही. लंडनच्या पेढीला जी अडचण आली तीच. म्हणून नाव रूढ होण्याआधी अर्ज करावा, आणि पाकिटावर ब्रँडच्या नावापुढे मालाचे साधे नावही छापावे, नुसते ब्रँडचे नाव नव्हे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४५०० रुपये आहे, इतरांना ९०००. नोंदणी दहा वर्षे चालते, मग नूतनीकरण. तेल आणि इंधन वर्ग ४ मध्ये येतात, थानाचे कापड व चादरी वर्ग २४ मध्ये, शिवलेले कपडे वर्ग २५ मध्ये. जो दोन्ही विकतो त्याने दोन्ही वर्गांत अर्ज करावा आणि शुल्कही दोनदा भरावे.